माथेरानची गाडी खेळण्यातली नव्हे!

आमच्या कॉन्व्हेंटच्या लायब्ररीत एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक होतं. त्यात समुद्रकाठचं एक गाव, मागे डोंगर आणि डोंगर चढणारी जुनी ट्राम. वेल्समधल्या लँडडनो गावची ग्रेट ऑर्म ट्राम, १९०२ सालची. तिचं चित्र मी कितीदा वहीत काढलं असेल! अशी गाडी आपल्याकडे का नाही, असं मला खरोखर वाटायचं. आणि मी कुठली? रोह्याची! माझ्याच रायगड जिल्ह्यात, नेरळहून माथेरानला, १९०७ पासून डोंगर चढणारी गाडी आहे. ती मी विसाव्या वर्षी, गेल्या डिसेंबरच्या सुट्टीत पहिल्यांदा पाहिली. हसू नका. तुमच्यापैकी किती जण तिच्यात बसलेत, हात वर करा बघू!

आदल्या रात्री पेणला रूममेटकडे मुक्काम केला. खालीच तिच्या बाबांचा गणपतीचा कारखाना, त्यामुळे झोपेतही रंगाचा वास. पहाटे पेणहून खोपोलीची एसटी, खोपोलीहून कर्जत लोकल, कर्जतला गाडी बदलून नेरळ. रांगेत मागचा एक काका म्हणाला, "पोरींनो, टॅक्सीने वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरीला पोचाल. या गाडीत अडीच तास घालवून काय मिळणार?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला त्या अडीच तासांत मिळालं.

दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. आपल्या मेसचं टेबल यापेक्षा रुंद असेल. रस्ता जेमतेम वीस किलोमीटरचा, पण चढ काही ठिकाणी वीसला एक. बोरघाटात मोठ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, तिथला चढ सदतीसला एक आहे. म्हणजे विचार करा! लँडडनोच्या ट्रामला वरून तारेचा दोर ओढतो. इथे दोर नाही, दातेरी रूळ नाही. चाकाने रुळावर धरलेली पकड, एवढ्यावर सगळा खेळ. म्हणूनच रूळ डोंगराला वळसे घेत घेत वर जातात. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ मध्ये काम तडीस नेलं. खर्च सोळा लाख रुपये. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला सपाट मैदानावर आमची रीडिंग्ज चुकतात, आणि या लोकांनी त्या काळी जंगलातून ही आखणी केली!

जुम्मापट्टीच्या पुढे एका वळणावर गाडी हळू झाली. कडेला दोन गँगमन फावड्याने गटारातली माती उपसत होते. पाऊस संपून दोन महिने झालेले, तरी उपसत होते. रूममेटने खिडकीतून विचारलं, "काका, आता कशाला?" एकजण म्हणाला, "आता नाय काढली तर जूनमधी पानी रुळाखाली शिरतंय." गाडी पुढे सरकली. सगळे वन किस टनेलची वाट बघत आरडाओरडा करत होते, माझ्या डोक्यात मात्र ते वाक्य बसलं.

कारण या गाडीचा इतिहास बघा. २६ जुलै २००५ च्या पावसात मार्ग वाहून गेला, गाडी २००७ मध्ये परत सुरू झाली. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरले, पूर्ण मार्ग खुला व्हायला जानेवारी २०१८ उजाडलं. २०१९ च्या पावसात पुन्हा नुकसान, आणि गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. दर वेळी कोणीतरी म्हणतंच, "टॅक्सी आहेत की, हवी कशाला ही खेळण्यातली गाडी?"

मला या 'खेळण्यातली' शब्दाचाच राग आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. दस्तुरीच्या पुढे टॅक्सी जात नाही. वरच्या लोकांचं सामान घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर गाडीतून जातं. म्हणूनच तर पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असली तरी अमन लॉज ते माथेरान शटल चालू ठेवतात. खेळणं असतं तर कपाटात ठेवलं असतं.

आणखी एक गोष्ट. मुंबईची विजेची ट्रामही १९०७ चीच, म्हणजे माथेरानच्या गाडीची जुळी बहीणच म्हणा ना. 'बस आहेत की' म्हणत ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला तिची शेवटची फेरी झाली आणि रूळ गेले. आज त्याच दोन टोकांजवळ, सीएसएमटीला आणि दादरला, जमिनीखालची मेट्रो थांबते. ती २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, हजारो कोटी खर्चून. मोडणं एका रात्रीत होतं, पुन्हा उभारायला पिढ्या जातात.

गाडी तोट्यात जात असेल, मान्य. पण तोट्याचं एक कारण बंद पडणं हेही आहे, आणि बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा पाणी आणि दरड. हे तर आपलंच काम! पण आपण सिव्हिलवाले प्रोजेक्टला काय घेतो? दुबईसारखे टॉवर. गटार, उतार, भिंतीची डागडुजी हे विषय कोणालाच नकोत, त्यात ग्लॅमर नाही ना! मीही परवापर्यंत टॉवरच घेणार होते.

आमची इंडस्ट्रियल व्हिजिट कुठे जाते हे सरांनाही ठाऊक आहे. एक दिवस फॅक्टरी, तीन दिवस गोवा! यंदा एकच दिवस नेरळला जाऊ या. उतार मोजू, गटारं बघू, गँगमनकाकांना प्रश्न विचारू. आपल्या जिल्ह्यातल्या गाडीवर आपल्या मुलांनी एक तरी धड रिपोर्ट करावा, एवढंच म्हणणं आहे.

व्हिजिटची नोटीस लागेल तेव्हा नेरळच्या अर्जावर पहिली सही माझी. दुसरी कोणाची?