बहीण की नागरिक?



गेल्या काही वर्षांत एका कादंबरीचे नाव आपल्या चर्चांमध्ये वारंवार येते आहे. कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’. १९८५ साली ती प्रसिद्ध झाली. अमेरिकेत धर्मांध पुरुषांचे राज्य आले आहे, ‘गिलियड’ हे त्याचे नाव, अशी कल्पना. तिथे बायकांना नोकरी करता येत नाही, वाचता येत नाही, स्वतःच्या नावावर पैसा ठेवता येत नाही. मूल होऊ शकेल अशा बायका बड्या अधिकाऱ्यांच्या घरी दासी म्हणून धाडल्या जातात आणि ज्याच्या घरी राहायचे त्याच्या नावावरून त्यांचे नाव पडते. २०१७ मध्ये या कादंबरीवर मालिका आली. तेव्हापासून अमेरिकेत, पुढच्या वर्षी अर्जेंटिनात, गर्भपाताच्या हक्कासाठी निदर्शने करणाऱ्या बायका त्या दासींचा लाल झगा आणि पांढरी टोपी घालून उभ्या राहू लागल्या.

ही सगळी अतिशयोक्ती आहे, असे म्हणणाऱ्यांना अ‍ॅटवुडबाईंचे उत्तर ठरलेले आहे : इतिहासात कुठे ना कुठे घडलेले नाही असे काहीही मी त्यात घातलेले नाही. आपल्याला हे वेगळे पटवून द्यायला नको. बाईने वाचणे हा गुन्हा मानणारा समाज आपल्या ओळखीचाच आहे. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंना शेणाचे गोळे झेलावे लागले होते.

मला मात्र या कादंबरीतला गिलियडपूर्वीचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. राष्ट्राध्यक्षांची हत्या होते, लोकप्रतिनिधींवर गोळीबार होतो. दोष मुस्लीम अतिरेक्यांवर टाकला जातो. राज्यघटना ‘तात्पुरती’ स्थगित होते. निवडणुका होतील, पण तयारीला वेळ लागेल, असे सांगितले जाते. लोक घरी बसून टीव्ही पाहत राहतात. मग एके दिवशी बायकांची बँकखाती गोठतात आणि पैशावर नवऱ्याचा किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाचा ताबा येतो. दासींना शिकवणाऱ्या ‘मावश्या’ समजावतात की पूर्वी तुम्हांला हवे ते करण्याचे स्वातंत्र्य होते, आता तुम्हांला भीतीपासून स्वातंत्र्य मिळाले आहे. हे समजावणाऱ्याही बायकाच आहेत, ही गोष्ट विसरू नये.

आधी भीती दाखवायची, मग संरक्षण देऊ करायचे आणि संरक्षणाच्या बदल्यात हक्क काढून घ्यायचा, असा हा क्रम आहे. आजच्या निवडणूक प्रचाराकडे पाहिले की या क्रमातल्या पहिल्या दोन पायऱ्या स्पष्ट दिसतात.

अमेरिकेतले उदाहरण घेऊ. १९७३ पासून तिथे गर्भपाताला घटनात्मक संरक्षण होते. २४ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेतले. त्या निकालाच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांत ट्रम्प यांनी नेमलेले तीन न्यायमूर्ती होते. दोन वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२४ रोजी, विस्कॉन्सिनमधल्या प्रचारसभेत हेच ट्रम्प म्हणाले की, बायकांना आवडो वा न आवडो, मी त्यांचे रक्षण करणार. ज्यांचे रक्षण करायचे त्यांची संमती लागत नाही, हे इतक्या उघडपणे सांगूनही ते निवडून आले.

आता आपल्याकडे या. एप्रिल २०२४ मध्ये राजस्थानात बांसवाड्याच्या सभेत पंतप्रधानांनी सांगितले की विरोधक आले तर आया-बहिणींचे मंगळसूत्रही उरणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या विधानसभेच्या प्रचारात ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक है तो सेफ है’ या घोषणा घुमल्या. एका घोषणेत भीती आहे, दुसरीत संरक्षण. दोन्हींत बाई आहे ती जपून ठेवायची वस्तू म्हणून.

याच प्रचारात आपल्याला एक नातेही मिळाले. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली, महिना १५०० रुपये. पहिले पैसे रक्षाबंधनाच्या तोंडावर जमा झाले. एका पक्षाने तर प्रचाराला रंगच गुलाबी निवडला. पुढे महायुतीने २१०० रुपयांचे आश्वासन दिले, महाविकास आघाडीने ३००० रुपयांचे. बोली दोन्ही बाजूंनी लागली.

या पैशाला नाके मुरडणाऱ्यांशी माझे भांडण आहे. ज्या बाईला औषधासाठी किंवा एस.टी.च्या तिकिटासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागतो, तिच्या स्वतःच्या खात्यात दरमहा १५०० रुपये येणे ही लहान गोष्ट नाही. गिलियडने बायकांची खाती बंद केली. इथे खाती उघडली गेली. बायकांनी विचार करून मत दिले असेल, तर ‘पैशाला भुलल्या’ असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. उद्योगांना सवलती मिळतात तेव्हा उद्योगपती भुलले असे कोणी म्हणत नाही.

प्रश्न नात्याचा आहे. बहिणीला ओवाळणी मिळते, ती किती द्यायची हे भाऊ ठरवतो. नागरिकाला हक्क असतो आणि तो कमी केला तर न्यायालयात जाब विचारता येतो. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० रुपयांची तरतूद नव्हती. बहिणीने जाब कुठे विचारायचा? त्याच वर्षी सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांचे आधारही मागितले गेले. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, ज्या परित्यक्ता आहेत, त्या अडकल्या. ओरड झाल्यावर त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. पण बाईची ओळख पटवायला आधी पुरुष आठवला, हे दासीच्या नावाच्या फार जवळचे आहे.

आणि ज्या सभागृहांत हे ठरते तिथे आपण किती आहोत? २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २१, म्हणजे २०१९ पेक्षाही कमी. एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये संमत झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून ठेवली गेली. मते मागताना पहिल्या रांगेत आणि उमेदवारी देताना शेवटच्या, असा हा मान आहे.

आपले राज्य गिलियड झाले आहे, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर आपण लढण्याआधीच हरू, आणि ज्या देशांत बायकांवर खरोखरच शाळांचे दरवाजे बंद आहेत त्यांच्या दुःखाची थट्टा होईल. अशा कादंबऱ्यांचा उपयोग भविष्य वर्तवण्यासाठी नसतो. पायऱ्या ओळखता याव्यात, यासाठी त्या वाचायच्या.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. पुढच्या निवडणुकीत प्रचाराची पत्रके जमा करा. बचत गटाच्या बैठकीत, महिला मंडळात ती मोठ्याने वाचा. त्यांत आपल्याला आई, बहीण, लेक, लक्ष्मी असे किती वेळा म्हटले आहे ते मोजा. मतदार, कामगार, शेतकरी, नागरिक किती वेळा, तेही मोजा. कोणाची भीती दाखवली आहे, ते लिहून ठेवा. दिलेले आश्वासन कायद्यात बसवणार का, की मर्जीवर ठेवणार, हा प्रश्न उमेदवाराला समोरासमोर विचारा. उत्तरे आम्हांला कळवा, आपण ती इथेच छापू.