तक्रारीची किंमत कोणी मोजायची?

नवऱ्याचा मार खाणारी बाई तक्रार का करीत नाही, या प्रश्नाचे उत्तर आपला समाज तिच्या स्वभावात शोधतो. ती भित्री आहे, अडाणी आहे, असे म्हटले की सर्वांची सुटका होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाकडे तरी मदत मागितल्याचे आढळले. उरलेल्या साऱ्या भित्र्या होत्या काय? नांदेड-लातूरच्या खेड्यांत घर आणि सातबारा बहुधा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असतो. माहेरी भावाचा संसार थाटलेला असतो. तक्रारीची किंमत म्हणजे डोक्यावरचे छप्पर. हा हिशेब तिला पक्का कळतो, म्हणूनच ती गप्प राहते.

१९८३ साली दंडसंहितेत आलेल्या कलम ४९८-अ ने छळ हा गुन्हा ठरविला. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. परंतु नवरा तुरुंगात गेल्याने बाईची चूल पेटत नाही. २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे महत्त्व येथे आहे. त्याने निवाऱ्याचा, खर्चाचा आणि संरक्षणाचा हक्क दिला. घर सासऱ्याच्या मालकीचे आहे एवढ्याच कारणाने सुनेचा निवासाचा हक्क नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

या हक्काची वाट पोलीस ठाण्यातूनच जाते असे नाही. पीडित स्त्री संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकते. अर्जाची पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत व्हावी, असे कायदा सांगतो. पुण्यास दिलेली मुखेडची लेक माहेरी परतली असेल, तर तिला मुखेडच्या न्यायालयातच अर्ज करता येतो. शेजारीण किंवा आशाताईदेखील संरक्षण अधिकाऱ्यास खबर देऊ शकते. सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळतो. मदतीसाठी १८१ आणि जिवावर बेतल्यास ११२ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

कागदावर हे सर्व आहे. पण किनवटहून नांदेड शंभरावर किलोमीटर. मार्च २०२३ पासून एसटीचे तिकीट स्त्रियांना अर्धे झाले, तरी बुडालेला रोज पूर्णच बुडतो आणि तारीख एकदाच पडत नाही. संरक्षण अधिकाऱ्याचे काम दुसऱ्या कामांच्या ओझ्याखाली दबले, तर कायद्यातील तीन दिवसांना अर्थ उरत नाही. तालुका पातळीपर्यंत असे अधिकारी नेमा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये राज्यांना दिला आहे. नांदेडचे १६ आणि लातूरचे १० तालुके मिळून २६ होतात. एवढ्या ठिकाणी केवळ हेच काम करणारा पूर्णवेळ अधिकारी नेमणे शासनाच्या तिजोरीला मुळीच जड नाही.

आज तक्रारीचा सारा खर्च एकटी बाई सोसते. तो शासनाने उचलावा, ही मागणी दयेची नाही, न्याय्य वाटपाची आहे. येत्या अर्थसंकल्पात लोकप्रतिनिधींना प्रथम विचारावयाचा प्रश्न हाच असला पाहिजे.