घरघर
चिरंजीवांच्या बेस अ‍ॅम्प्लिफायरमधून या आठवड्यात घरघर यायला लागली. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी चालूच, म्हणजे पहिला संशय आतल्या पंख्यावर. दुरुस्तीवाला म्हणाला, ‘बोर्ड बदलावा लागेल.’ पंख्याला हात न लावता बोर्डाचं नाव काढणाऱ्याला पेटी उघडूच देऊ नये! प्लग काढला, कपॅसिटर उतरावेत म्हणून रात्रभर थांबलो. सकाळी पाहतो तर पात्यांवर गादीतल्या कापसासारखी धूळ. ती झटकली, बोटाने पंखा फिरवला. अर्ध्या फेरीत अडखळला. लेबलवरचे 12 व्होल्ट थेट दिले, तरी कुरकुरत फिरला. बेअरिंगच गेलेलं. तेलाचा थेंब म्हणजे चार दिवसांचा दिलासा, माझ्या गुडघ्यांना विचारा. लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला, वाऱ्याचा बाण बघून बसवला. आता 41 हर्ट्झची जाड तार छेडली की फडताळातल्या कपबश्या वाजतात. ‘घरघर बरी होती,’ इति सौ.