चूक कोडमध्ये होती, मुलीत नव्हती

"कोडिंग हे सगळ्यांचं काम नाही." हे वाक्य आम्ही पुरेसं ऐकलं आहे. आमच्या वस्तीतली मराठी माध्यमाची एक मुलगी हेच ऐकून जावाचा तास सोडायला निघाली होती. तिचा गुन्हा काय? चौकोन आणि वर्तुळ काढणारा प्रोग्राम लिहिला. विंडो उघडली, पण कोरी. एररही नाही.

आम्ही तिच्यासोबत बसून कोड ओळीओळीने वाचला. 'पेंटकॉम्पोनंट' या मेथडच्या नावात मधला 'सी' कॅपिटल हवा. तिने स्मॉल लिहिला होता. आपल्या देवनागरीत हा भेदच नाही, जावा मात्र तो कडक पाळते. जावाच्या लेखी ही वेगळीच मेथड झाली. तिला कोणी बोलावलंच नाही, म्हणून काही उमटलं नाही. मेथडच्या वर '@ओव्हरराइड' लिहिलं, तशी कंपायलरनेच चूक दाखवली. एक अक्षर बदललं. चौकोनही आला, वर्तुळही आलं.

आमचा सवाल साधा आहे : ही दोन मिनिटांची गोष्ट वर्गात का सांगितली गेली नाही? शिकवायचं नाही, वर नालायक ठरवायचं आणि त्याला 'मेरिट' म्हणायचं, हा धंदा जुनाच आहे.

मित्रांनो, डिबगिंग म्हणजे तरी काय? कोणी मोठ्याने सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून मानायचं. बुद्धाने कालामांना हेच सांगितलं. तेव्हा "तुला जमणार नाही" हे वाक्यही तपासा. आणि ज्यांना कोड येतो, त्यांनी रविवारी दोन तास विहारात येऊन बसा.

जय भीम!