जाहीर आवाहन : घरातल्या प्रत्येक सर्किटची वीज मोजण्याआधी

महावितरणच्या बिलावर महिन्याचे एकूण युनिट छापलेले असतात. ते गीझरने घेतले, एसीने घेतले की रात्रंदिवस चालू राहिलेल्या लहानसहान उपकरणांनी, हे त्यावरून कळत नाही. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढत जात असल्याने टप्पा ओलांडून गेलेले युनिटच सर्वांत महाग पडतात. डीबीतील (घरातल्या वीज वितरण पेटीतील) सर्किटनिहाय मोजणीमुळे हे युनिट कुठे गेले ते दिसते. अखंड चालणारे १० वॅटचे उपकरणही ३० दिवसांत ७.२ युनिट घेते.

अशी मोजणी बसवू पाहणाऱ्या कुटुंबांनी यंत्र विकत घेण्याआधी घराच्या वायरिंगचा कागद तयार करावा. एकेक एमसीबी (डीबीतील सर्किटचा स्विच) खाली करून घरभर फिरावे आणि काय बंद पडले ते लिहीत जावे. संगणक आधी बंद करावेत. घरात ऑक्सिजनचे वा अन्य वैद्यकीय यंत्र चालू असेल तर पर्यायी सोय झाल्याशिवाय हे काम हाती घेऊ नये. जुन्या घरांत मागाहून काढलेले पॉइंट जवळच्या वायरीला जोडून दिलेले असतात, म्हणून स्वयंपाकघरातला फ्रिज हॉलच्या सर्किटवर सापडू शकतो. हा कागद नसेल तर यंत्र आकडे दाखवील, पण ते कशाचे हे कुणाला सांगता येणार नाही. मोजणी बसवायची नसली तरी या कागदाची एक प्रत डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली असावी. वायरीतून धूर येऊ लागला तर कोणता एमसीबी पाडायचा हे शोधत बसावे लागत नाही.

प्रत्येक सर्किट मोजण्याची गरज नसते. मेन, गीझर, प्रत्येक एसी आणि स्वयंपाकघरातील पॉवर पॉइंट एवढे बहुतेक फ्लॅटना पुरते. मेनमधून बाकीच्यांची बेरीज वजा केली की दिवे-पंख्यांचा वाटा उरतो. स्वतःचा पंप असलेल्या बंगल्याने त्याचे सर्किट धरावे.

मोजणी सीटी नावाच्या, वायरीभोवती मिटणाऱ्या कडीने होते. ही कडी फक्त फेजच्या वायरीवर बसवावी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिच्यातून गेल्या तर त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना मारतात आणि गीझर पूर्ण भाराने चालू असतानाही आकडा शून्य येतो. १०० अँपिअरचा सीटी दिव्यांच्या सर्किटवर लावला तर लहान प्रवाह नीट मोजला जात नाही, म्हणून सीटीची क्षमता त्या त्या सर्किटच्या एमसीबीला धरून निवडावी.

यंत्राने प्रवाहासोबत व्होल्टेजही मोजले पाहिजे. नुसता प्रवाह २३० ने गुणणारी यंत्रे फ्रिज आणि पंपाच्या मोटारींचा वापर फुगवून दाखवतात, कारण त्यांचा पॉवर फॅक्टर १ पेक्षा कमी असतो. थ्री-फेज घरात आणखी काळजी घ्यावी लागते. एका फेजवरचा सीटी दुसऱ्या फेजच्या व्होल्टेजशी जोडला गेला, तर गीझरसारख्या भाराचा आकडा निम्मा आणि तोही उणे येतो. असा आकडा दिसला की यंत्र सदोष ठरवण्याआधी फेजची जुळणी तपासावी.

डीबीचे झाकण घरातल्या कोणीही स्वतः उघडू नये, ही या आवाहनातील सर्वांत आग्रहाची विनंती आहे. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूला येणारी वायर जिवंतच असते. काम परवानाधारक वायरमनकडून, मीटरजवळचा पुरवठा तोडून करून घ्यावे. व्होल्टेजसाठीची जोडणी स्वतंत्र लहान एमसीबीवर असावी. काही प्रकारचे सीटी वायरीवर असताना त्यांची टोके मोकळी सोडली तर त्यांवर धोकादायक व्होल्टेज तयार होते. ते आधी यंत्राला जोडून मगच वायरीवर मिटवावेत. पत्र्याच्या डीबीत वायफायचा सिग्नल अडतो आणि वायरींना आधीच जागा अपुरी असते, म्हणून यंत्रासाठी शेजारी वेगळी प्लास्टिकची पेटी घ्यावी.

बसवून झाल्यावर पडताळणी मीटरवरच करता येते. अनेक मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंदने असे छापलेले असते. घरातले बाकी सारे बंद ठेवून २००० वॅटचा गीझर चालवला तर अशा मीटरचा लाल दिवा मिनिटाला सुमारे १०७ वेळा लुकलुकतो. त्याच वेळी नव्या यंत्राने २००० वॅटच्या आसपास आकडा दाखवावा.

घर केव्हा रिकामे असते आणि माणसे केव्हा झोपतात, हेही या नोंदींतून कळते. म्हणून नोंदी घरातल्याच संगणकावर साठवणारे यंत्र निवडावे. भाडेकरूच्या घरात मोजणी बसवायची असल्यास मालकाने त्याची संमती घ्यावी आणि नोंदी भाडेकरूच्याच ताब्यात ठेवाव्यात. सोसायट्यांनी जिन्याचे दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांपासून सुरुवात करावी. ते बिल सर्व सभासद मिळून भरतात आणि त्या आकड्यांतून कुणाच्या घरातले काही उघड होत नाही.