शपथ मुलांना, तंबाखू घरात!

शाळाशाळांतून व्यसनमुक्तीच्या नावाखाली जे चालले आहे ते थोतांड आहे, आणि हे शिक्षण खात्याला, संस्थाचालकांना व मुख्याध्यापकांना पुरते ठाऊक आहे. २६ जूनला जागतिक अमली पदार्थविरोधी दिन येतो. प्रार्थनेनंतर मुलांना उजवा हात पुढे करायला लावून शपथ दिली जाते, फलक हातात देऊन प्रभातफेरी निघते, पोलीस ठाण्यातले साहेब पाच मिनिटे बोलतात, फोटो व्हॉट्सॲपवरून वरिष्ठांकडे जातात आणि वर्षाचे काम आटोपते. ही शपथ घेतलेला सातवीतला मुलगा संध्याकाळी घरी पोचतो, तेव्हा बाप त्याच्या हातावर पैसे ठेवून म्हणतो, ‘जा, पानठेल्यावरून खर्रा घेऊन ये.’ त्या मुलाने सकाळची शपथ पाळावी की बापाची आज्ञा? याचे उत्तर शिक्षण खात्याने द्यावे!

विदर्भातल्या कुठल्याही गावात जा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटला जातो, आणि तो आणण्याचे काम घरातल्या पोराकडे असते. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात तव्यावर तंबाखू भाजून मशेरी होते. आई ती दातांना लावते आणि दाढ दुखते म्हणून रडणाऱ्या मुलीच्या हिरडीवरही तीच चोळते. मुलीच्या तोंडाला तंबाखू लागली ती अशी, औषध म्हणून, आईच्या हातून. त्या आईला आम्ही गुन्हेगार म्हणणार नाही. तिला कुणी कधी काही सांगितलेच नाही. गुन्हेगार आहेत ते, ज्यांनी सांगायचे होते आणि जे आपली सारी ताकद मुलांकडून घोषणा वदवून घेण्यात खर्च करत राहिले.

हा गरिबांच्या वस्तीचाच रोग आहे असे मानणाऱ्यांनी १९ मे २०२४ ची पहाट आठवावी. पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्या रात्री त्याने पबमध्ये मद्य घेतले होते, असे पोलिसांनी सांगितले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला लावला आणि सारा देश खवळून उठला. खवळणे रास्तच होते. पण ज्या शाळा व्यसनावर निबंध स्पर्धा घेऊन आपली जबाबदारी संपली असे मानतात, त्या दुसरे काय करत आहेत?

कायदे नाहीत म्हणून आपण हतबल आहोत, असे कुणी सांगू नये. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि १८ वर्षांखालच्या मुलाला ती द्यायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. त्यातला दंड जेमतेम २०० रुपयांपर्यंत, म्हणून टपरीवाला कुणाला जुमानत नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७७ वे कलम मुलाच्या हाती दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगते. हे कलम किती मुख्याध्यापकांनी वाचले आहे? किती पालकांना कुणी समजावून दिले आहे? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि शाळेच्या कुंपणाबाहेर पडलेल्या रिकाम्या पुड्या त्या बंदीची लाज वेशीवर टांगत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मुलांच्या व्यसनासाठी राष्ट्रीय कृती आराखडा करा, शालेय अभ्यासक्रमात हा विषय आणा, असे बजावले. आपण मात्र फलक रंगवत बसलो!

उपाय जगाला माहीत आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ग्रामीण भागात १९९० च्या दशकात शाळांमार्फत कुटुंबांना बोलावण्यात आले. आठवड्यातून एक संध्याकाळ, असे सात आठवडे. पहिला तास आईबाप एका खोलीत, मुले दुसऱ्या खोलीत. दुसरा तास सगळे एकत्र. आईबापांनी शिकायचे ते असे: घरात नियम कसा घालावा, तो मोडला तर हात न उगारता शिक्षा कशी करावी, मुलाचे म्हणणे पुरते कसे ऐकावे. मुलांनी शिकायचे की मित्राने पुडी पुढे केली तर मैत्री न तोडता नाही कसे म्हणावे. पुढे अनेक वर्षे या मुलांवर लक्ष ठेवले गेले, तेव्हा दारू आणि तंबाखूकडे ती इतरांपेक्षा उशिरा आणि कमी वळली असे दिसले. आइसलँडने १९९० च्या दशकाअखेरीस गावोगावच्या पालकांना एकत्र बांधले. रात्री ठरल्या वेळेनंतर मुले बाहेर राहणार नाहीत हे पालकांनी मिळून पाळले, सरकारने खेळ व कलेला पैसा दिला. तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांत महिन्याभरात एकदा तरी दारूने झिंगलेल्यांचे प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर आले. हे नुसत्या शपथेने झालेले नाही.

आयोवाचा कार्यक्रम पोलंडमध्ये नेला तेव्हा फरक पडला नाही, हेही आम्ही लपवत नाही. म्हणूनच आम्हाला उसना कार्यक्रम नको. खर्रा, मशेरी, देशी दारूचे दुकान आणि पोरांच्या खिशातली हुंगायची व्हाइटनरची बाटली ओळखणारा, मराठीत, अहिराणीत, गोंडीत बोलणारा आपला कार्यक्रम हवा. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही उपचारात धरले गेले. व्यसन जडल्यावर कुटुंबाला बोलवायचे हे महाराष्ट्राला चाळीस वर्षांपूर्वी कळले. जडण्याआधी बोलवायचे, हे शाळांना अजून कळू नये?

‘पालक येतच नाहीत,’ हे मुख्याध्यापकांचे ठरलेले उत्तर. येतील कसे? तुम्ही सभा ठेवता सकाळी अकराला, म्हणजे मजुरी बुडवून या! संध्याकाळी ठेवा, बाजाराच्या सुट्टीला ठेवा, वस्तीवर जाऊन घ्या. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. माणसे कायद्यानेच शाळेत आणून बसवली आहेत, आणि तिथे चर्चा चालते बांधकामाची आणि पोषण आहाराच्या हिशेबाची. खासगी शाळांच्या शिक्षक-पालक संघांना फी, गणवेश आणि स्नेहसंमेलन यांपलीकडे विषय सुचत नाही.

आणि एखाद्या मुलाच्या दप्तरात पुडी सापडली की या शाळा काय करतात? बापाला बोलावतात, चारचौघांत त्याचा पाणउतारा करतात आणि पोराचा दाखला त्याच्या हातात देतात. शाळेचे नाव राखले, पोर रस्त्यावर गेले. मुलाला सगळ्यात जास्त आधार हवा त्याच दिवशी त्याला हाकलणे ही शिस्त नव्हे, क्रौर्य आहे! असे दाखले देणाऱ्या संस्थांची मान्यता सरकारने तपासलीच पाहिजे.

शिक्षण खात्याकडे आमची मागणी साधी आहे. सहावीपासूनच्या प्रत्येक मुलाच्या आईबापांसाठी शाळेत संध्याकाळचे वर्ग सक्तीने सुरू करा, त्यासाठी शिकवलेली माणसे आणि पैसा द्या, आणि वर्गात तोंडात तंबाखू धरून उभ्या राहणाऱ्या शिक्षकावर आधी कारवाई करा. पालकहो, तुम्ही मात्र सरकारी आदेशाची वाट पाहू नका. पुढच्या सभेत उठून हा विषय मांडा, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि आज संध्याकाळपासून आपल्या लेकराला पानटपरीवर पाठवणे बंद करा.