साडेपाच नव्हे, सोळा तास

जानेवारीत आमच्या वस्तीतला मुलगा शिकायला न्यूयॉर्कला गेला. तिकिटावर मुंबई रात्री दीड, न्यूयॉर्क सकाळी सात, तारीख तीच. आई म्हणाली, "साडेपाच तासच? एवढ्यात यष्टी कोल्हापूरला पोचत नाही!" दुपारपर्यंत फोन नाही, तेव्हा रडतच माझ्याकडे आली.

माता-भगिनींनो, तिकिटावर वेळ ज्या त्या गावची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. ते तास मिळवा, म्हणजे सोळा झाले. अंतरही सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. १९१३ साली बाबासाहेब तिथेच गेले, तेही बोटीने. रमाईंनी पत्राची वाट किती दिवस पाहिली असेल!

संध्याकाळी सातला फोन आला. पोराने आधी विचारले, "आई, जेवलीस का?"